हृद्‌रोहिणींच्या दोन तपासण्या आणि त्यांची मराठी : एक चिकित्सा

१

शास्त्रीय परिभाषेचा विचार आपल्याकडे बहुधा कोशाच्या अंगाने होतो. इंग्रजी शब्द घ्यावयाचा, त्याला संस्कृत धातूपासून सिद्ध केलेला प्रतिशब्द द्यावयाचा, आणि तो प्रतिशब्द अन्वर्थक आहे की नाही, उच्चारावयास सुलभ आहे की नाही, एवढ्यापुरती चर्चा करावयाची, असा हा परिपाठ आहे. कोशातून बाहेर पडलेला शब्द एखाद्या माणसाच्या निर्णयापर्यंत पोचतो तेव्हा तेथे तो काय कार्य करतो, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न एका मर्यादित क्षेत्रापुरता विचारावयाचा आहे.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या रोहिणी अरुंद झाल्या आहेत काय, हे पाहण्याच्या दोन प्रमुख रीती आज प्रचारात आहेत. एकीत मनगटाच्या किंवा मांडीच्या रोहिणीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन, तिच्यातून रंजकद्रव्य सोडून, क्ष-किरणांनी चलत्‌चित्र घेतात. दुसरीत रंजकद्रव्य हाताच्या नीलेतून देतात व सी. टी. यंत्राने हृदयाची छेदचित्रे घेतात. पहिलीला वैद्यकाच्या इंग्रजीत ‘इन्व्हेसिव्ह’ व दुसरीला ‘नॉन-इन्व्हेसिव्ह’ म्हणतात, आणि ह्या जोडीचेच निरनिराळे अवतार मराठी लेखनात आढळतात : आक्रमक व अनाक्रमक, छेदक व अच्छेदक, अंतर्वेधी व बाह्य, शस्त्रक्रियेची व शस्त्रक्रियेविना.

ह्या शब्दांची परीक्षा करण्यासाठी रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे तालुके समोर ठेवले आहेत. त्याचे कारण असे, की येथे शब्दाच्या चुकीची किंमत चटकन दिसून येते. कर्जतेस उपजिल्हा रुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालय समुद्रकाठी अलिबागेस आहे, आणि हृदयाच्या ह्या विशेष तपासण्यांसाठी येथील पुष्कळांना पनवेल, नवी मुंबई, कल्याण किंवा मुंबई गाठावी लागते. कर्जत ते मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे लोहमार्गाचे अंतर सुमारे १०० किलोमीटर आहे. वाडीवरून पायी खाली उतरून, स्थानकापर्यंत वाहन करून, पुढे गाडीने जाणाऱ्या माणसाचा व त्याच्या सोबत्याचा एकेक दिवस आणि एकेका दिवसाची मजुरी प्रत्येक तपासणीस पडते. तेव्हा कोणती तपासणी प्रथम करावी, ह्याचा उलगडा त्याला कोणत्या शब्दांत होतो ही गोष्ट केवळ शैलीची राहत नाही.

ह्या लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : ‘आक्रमक–अनाक्रमक’ ही जोडी तपासणी शरीरात कशी शिरते एवढेच सांगते, ती तपासणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, हे सांगत नाही. रोग्याला जाणून घ्यावयाचे असते ते दुसरे, आणि आपली परिभाषा त्याच्या हाती देते ते पहिले.

२

प्रथम वस्तूचा विचार करू. शिरेतून हृदयापर्यंत नळी नेता येते, हे वेर्नर फोर्समान ह्या तरुण जर्मन वैद्याने १९२९ साली एबर्सवाल्डे येथे स्वतःच्याच शरीरावर प्रयोग करून दाखविले. १९५६ च्या नोबेल पारितोषिकात त्याला कूर्नाँ व रिचर्ड्‌स ह्यांच्यासमवेत वाटा मिळाला. पुढे १९५८ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे मेसन सोन्स हे तपासणी करीत असता नळीचे टोक अनपेक्षितपणे उजव्या हृद्‌रोहिणीत गेले व रंजकद्रव्य थेट तिच्यात सुटले. रोगी वाचला, आणि निवडक हृद्‌रोहिणी-चित्रणाचा आरंभ झाला. १९७७ मध्ये आंद्रेआस ग्रुंट्‌सिग ह्यांनी त्याच वाटेने फुगा नेऊन अरुंद झालेली हृद्‌रोहिणी रुंद केली. म्हणजे जी वाट पाहण्यासाठी होती, तीच उपचाराची झाली. १९८९ साली कॅनडातील ल्यूसियँ कांपो ह्यांनी मनगटाच्या रोहिणीतून ही तपासणी करण्याची रीत प्रसिद्ध केली. आज बहुसंख्य ठिकाणी हीच रीत रूढ आहे, व रोग्याला मांडी दाबून तासन्‌तास उताणे पडून राहावे लागत नाही.

दुसरी तपासणी ही संगणकीय छेदचित्रणाची शाखा होय. त्या शोधासाठी हाउन्सफील्ड व कॉर्मॅक ह्यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु हृदय हे क्षणभरही स्थिर नसणारे इंद्रिय असल्याने त्याच्या बारीक रोहिणी टिपण्याइतके वेगवान यंत्र येण्यास एकविसाव्या शतकाचा आरंभ उजाडावा लागला. अजूनही ह्या तपासणीपूर्वी नाडी मंद करण्याचे औषध पुष्कळदा द्यावे लागते, श्वास रोखावयास सांगतात, आणि नाडी फार अनियमित असेल किंवा रोहिणीत चुन्याचा साठा फार असेल तर चित्र संदिग्ध येते.

ह्या दोन तपासण्यांत दिसते काय, ह्याकडे आता लक्ष द्यावयास हवे. नळीच्या तपासणीत रोहिणीच्या पोकळीत भरलेल्या द्रवाची छाया दिसते. रोहिणीची भिंत दिसत नाही. छेदचित्रात पोकळी दिसते, आणि भिंतीत साचलेले किटणही काही अंशी दिसते. हा भेद मोठा आहे. १९८७ साली सीमोर ग्लॅगॉव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले, की भिंतीत किटण साचू लागले म्हणजे रोहिणी बाहेरच्या बाजूस फुगते, आणि त्या किटणाने सुमारे ४० टक्के क्षेत्र व्यापीपर्यंत आतील पोकळी जवळजवळ पूर्ववत राहू शकते. अर्थात छाया निर्दोष असूनही रोग असू शकतो. उलट, छाया अतिशय बारकाईने दिसते, चुन्याने ती बिघडत नाही, आणि त्याच बैठकीत दाबमापक तार घालून अरुंद जागेमुळे प्रवाहाला खरोखर अडथळा होतो काय हे मोजता येते. पुढे लागल्यास उपचारही करता येतो. म्हणजे प्रत्येक तपासणीला दुसरीत नसलेले असे काही दिसते.

३

आता शब्दांकडे वळू. लॅटिनमधील ‘वादेरे’ म्हणजे जाणे; ‘आत जाणे’ ह्या मूळ अर्थावरून ‘इन्व्हेड’ हे क्रियापद आले आणि सैन्याच्या चालून जाण्याला लागू झाले. आपल्या ‘आक्रमक’ शब्दाची घडण नेमकी तशीच आहे. ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ह्याहून चोख प्रतिशब्द सापडणे कठीण. तथापि व्युत्पत्ती चोख असली म्हणजे अर्थही चोख उतरतो असे नाही. चालू मराठीत ‘आक्रमक’ हे विशेषण मनोवृत्तीला लागते : आक्रमक फलंदाज, आक्रमक पवित्रा, मोर्चाने घेतलेले आक्रमक रूप. ‘आक्रमक तपासणी’ ऐकणाऱ्याच्या मनात ‘आत शिरणारी’ हा अर्थ न उमटता ‘अंगावर येणारी’ हा अर्थ उमटतो. आणि ती अंगावर येणारी ठरली, की तिच्या विरुद्ध असलेली ‘अनाक्रमक’ तपासणी आपोआप निरुपद्रवी ठरते.

येथे भाषाशास्त्रातील एक भेद उपयोगी पडेल. त्रुबेत्स्कॉय ह्यांनी १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ध्वनिविचारविषयक ग्रंथात विरोधाचे तीन प्रकार सांगितले आहेत. एका पदात एखादे लक्षण असते व दुसऱ्यात ते नसते, तो अभावमूलक विरोध. एकच लक्षण कमीअधिक प्रमाणात दोन्हीकडे असते, तो श्रेणिमूलक. आणि दोन्ही पदांना आपापले स्वतंत्र लक्षण असते, तो समबल. ‘इन्व्हेसिव्ह–नॉन-इन्व्हेसिव्ह’ ही जोडी आपल्या रूपानेच अभावमूलक विरोधाचा दावा करते. एकीत काहीतरी आहे, दुसरीत ते नाही. आणि जे आहे ते भयाचे असल्यामुळे नसणे हेच श्रेयस्कर, असे अनुमान व्याकरणच सुचविते.

वस्तुस्थितीत हा विरोध अभावमूलक नाही. प्रवेशापुरते पाहिले तर तो श्रेणिमूलक आहे. कारण छेदचित्रणातही सुई टोचावी लागते, आयोडीनयुक्त रंजकद्रव्य शरीरात जाते, मूत्रपिंडे दुबळी असतील किंवा त्या द्रव्याचे वावडे असेल तर त्याचा विचार करावा लागतो, आणि क्ष-किरणांचा प्रसाद दोन्हीकडे मिळतो. प्रारंभीच्या काळात छेदचित्रणाचा किरणभार एका तपासणीस १२ मिलिसीव्हर्टच्या आसपास जात असे. आजच्या चांगल्या यंत्रावर व दक्षतेने केल्यास तो ५ च्या खाली ठेवता येतो. प्रवेशाचा विचार सोडून ज्ञानाचा विचार केला, तर हा विरोध सरळसरळ समबल आहे : एक पोकळीची छाया देते व दाब मोजू देते, दुसरी भिंतीसह छेद देते. परिभाषेने समबल विरोधाला अभावमूलक रूप दिले, हा तिचा मुख्य दोष होय.

ह्याचा अर्थ दोहोंतील धोका सारखाच आहे असा मात्र नाही. नळीच्या तपासणीत रोहिणीला इजा, रक्तस्राव, क्वचित पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका संभवतो. हे प्रमाण अल्प आहे, पण शून्य नाही. धोका सांगावयास हवाच. तो ‘आक्रमक’ ह्या विशेषणात लपवून न सांगता संख्येने सांगावा, एवढेच म्हणावयाचे आहे.

४

परिभाषेचा दोष कोशातील शब्दांपुरता मर्यादित असता तर त्याचे फारसे वाईट वाटले नसते; कारण कर्जत-खालापुरात ‘अनाक्रमक’ हा शब्द कोणी उच्चारीत नाही. तेथे, आणि महाराष्ट्रात इतरत्रही, जो शब्द खरोखर चालतो तो ‘अँजिओ’. त्याची चिकित्सा अधिक अगत्याची आहे.

‘अँजिओग्राफी’ व ‘अँजिओप्लास्टी’ ह्या दोन शब्दांत पूर्वपद समान आहे. ‘अँजिओ’ म्हणजे वाहिनी. भेद सारा उत्तरपदात आहे : ‘ग्राफी’ म्हणजे चित्रण, ‘प्लास्टी’ म्हणजे घडण. मराठी बोलणाऱ्याने लांब परका शब्द तोडला, आणि प्रचलित प्रवृत्तीनुसार त्याचा पुढचा भाग राखून मागचा टाकला. परिणाम असा झाला, की अर्थभेद वाहणारा अवयवच गळून गेला. ‘वडिलांची अँजिओ झाली’ ह्या वाक्यावरून वडिलांची तपासणी झाली की उपचार झाला हे कळत नाही. ‘अँजिओ करावी लागेल’ ह्या वाक्याला होकार देणाऱ्याने पाहण्यास संमती दिली की स्टेंट बसविण्यास, हेही कळत नाही. त्यातच ‘सी. टी. अँजिओ’ हा तिसरा प्रकार आला, तेव्हा एका शब्दाखाली तीन गोष्टी गोळा झाल्या, आणि त्यांतील एक उपचार आहे.

क्रियापदे मात्र हा भेद अजून सांभाळून आहेत, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. कार्डिओग्राम ‘काढतात’, स्टेंट वा लोकांच्या भाषेत स्प्रिंग ‘बसवितात’ किंवा ‘टाकतात’, फुगा ‘फुगवितात’. काढणे हे पाहण्याचे, बसविणे हे उपचाराचे. ‘अँजिओ’ मात्र ‘करतात’ किंवा ती ‘होते’. आणि ‘करणे’ हे मराठीतील सर्वांत अर्थशून्य क्रियापद असल्याने नामाने गमावलेले तेथे भरून निघत नाही.

ह्याचे व्यावहारिक महत्त्व किती, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत रायगड होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना ह्या नावाने ओळखली जाते. तिच्या उपचारांत अँजिओप्लास्टीचा अंतर्भाव आहे. आता ‘अँजिओ योजनेत बसते का?’ असे कोणी विचारले व ‘बसते’ असे उत्तर मिळाले, तर विचारणाराने तपासणी मनात धरलेली असावयाची व उत्तर देणाराने उपचार. दोघेही खरे बोलले, आणि तरीही गैरसमज झाला.

दुसरा शब्द ‘नस’. शास्त्रीय मराठीत हृदयाकडून रक्त नेणारी ती रोहिणी व हृदयाकडे आणणारी ती नीला, असा भेद आहे; मराठी विश्वकोशाची परिभाषा हीच आहे, आणि पाठ्यपुस्तकांतून धमनी व शीर ही जोडीही परिचित झाली आहे. बोलीत मात्र तिन्हींसाठी ‘नस’ चालते : रोहिणीही नस, नीलाही नस, आणि कंबरेत दबते ती मज्जातंतूचीही नस. आता प्रस्तुत दोन तपासण्यांतील शारीरिक भेद नेमका ह्याच ठिकाणी आहे. छेदचित्रणात सुई नीलेत जाते, जशी ती सलाईन देताना जाते. नळीच्या तपासणीत प्रवेश रोहिणीत होतो, जिच्यात रक्त दाबाने वाहते. ‘हाताच्या नसेतून करतात’ हे वाक्य दोहोंनाही शब्दशः लागू पडते. ज्या एका बिंदूवर भेद करावयास हवा, तेथेच बोलीत एक शब्द आहे. दोष बोलीचा नाही. तिला ह्या भेदाची गरज आजवर पडली नव्हती. ‘सलाईनच्या नसेतून’ व ‘नाडी लागते त्या नसेतून’ असे म्हटले, की तीच बोली हा भेद विनासायास व्यक्त करते.

तिसरा शब्द ‘ब्लॉकेज’, आणि त्याच्या मागे येणारी टक्केवारी. ‘७० टक्के ब्लॉकेज’ ह्या पदबंधात षष्ठी नाही. ७० टक्के कशाचे, हे सांगितलेले नसते. तपासणीच्या अहवालात ही टक्केवारी सामान्यतः व्यासाची असते. व्यास ७० टक्क्यांनी घटला तर उरलेला व्यास मूळच्या ३० टक्के, आणि क्षेत्रफळ ९ टक्के. म्हणजे क्षेत्राच्या भाषेत ९१ टक्के अडथळा. व्यासाच्या ५० टक्क्यांना क्षेत्राचे ७५ टक्के होतात. एकच रोहिणी, दोन संख्या. शिवाय ‘ब्लॉकेज’ ह्या शब्दामागे नळाची प्रतिमा आहे. खोपोलीच्या परिसरात ही प्रतिमा विशेष सहज सुचते. कारण १९१५ पासून घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी प्रचंड लोखंडी नळांतून येथल्या टाटांच्या वीजगृहात उतरत आले आहे. लोखंडी नळ एका जागी तुंबला तर तेवढी जागा मोकळी केली की काम झाले. रोहिणी जिवंत आहे. किटण तिच्या भिंतीत व बहुधा अनेक ठिकाणी असते, आणि झटका पुष्कळदा फार अरुंद न झालेल्या जागी किटण फुटल्याने येतो. नळाच्या प्रतिमेने विचार करणाऱ्याला स्टेंट बसविल्यानंतर गोळ्या कशाला, असे वाटले तर त्याला दोष देता येणार नाही.

५

येथवर शब्दांची परीक्षा झाली. परंतु शब्द बदलले तरी निर्णय बदलावयास हवा काय? त्यासाठी तुलनेचा पुरावा पाहणे प्राप्त आहे.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत, पूर्वी हृद्‌रोहिणीविकार ज्ञात नसलेल्या सुमारे ४ लाख रोग्यांच्या नियोजित नळी-तपासण्या पाहिल्या गेल्या, त्यांपैकी ३७.६ टक्क्यांतच लक्षणीय अडथळा सापडला. म्हणजे बहुसंख्यांच्या रोहिणीत नळी गेली ती ‘काही विशेष नाही’ हे कळण्यासाठी. २०१५ सालच्या प्रॉमिस ह्या चाचणीत १०,००३ रोगी होते. छेदचित्रण व हृदयाला श्रम देऊन करावयाच्या तपासण्या ह्यांत सुमारे दोन वर्षांच्या अखेरीस फलभेद आढळला नाही. स्कॉटलंडमधील स्कॉट-हार्ट चाचणीत ४,१४६ रोगी होते. नेहमीच्या तपासणीला छेदचित्रणाची जोड दिलेल्या गटात पाच वर्षांत हृद्‌रोहिणीविकाराने मृत्यू किंवा झटका येण्याचे प्रमाण २.३ टक्के, तर दुसऱ्या गटात ३.९ टक्के आढळले, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ह्यातील मर्म असे, की पाच वर्षांअखेर दोन्ही गटांत नळीच्या तपासण्या जवळजवळ सारख्याच झाल्या होत्या. लाभ झाला तो बहुतांशी भिंतीतील रोग दिसल्यामुळे योग्य औषधे योग्य माणसाला वेळेवर सुरू झाल्याने, असा त्याचा अर्थ लावला जातो.

दोन्ही तपासण्यांची थेट तुलना करणारी डिस्चार्ज ही युरोपीय चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. स्थिर स्वरूपाच्या छातीच्या तक्रारी व मध्यम संभाव्यता असलेले ३,५६१ रोगी तीत होते. सुमारे साडेतीन वर्षांत मृत्यू, झटका वा पक्षाघात ह्यांचे प्रमाण छेदचित्रणाने आरंभ केलेल्या गटात २.१ टक्के व नळीने आरंभ केलेल्या गटात ३.० टक्के होते. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नाही. प्रक्रियेशी संबंधित मोठे उपद्रव मात्र ०.५ टक्के व १.९ टक्के, असे स्पष्टपणे भिन्न होते. ब्रिटनमधील नाइस ह्या संस्थेने २०१६ पासूनच अशा रोग्यांसाठी छेदचित्रण प्रथम ठेवण्याची शिफारस केली आहे.

ह्या पुराव्याला दोन मर्यादा आहेत. पहिली, तो मध्यम संभाव्यतेच्या व स्थिर तक्रारीच्या रोग्यांचा आहे. ज्याची तक्रार ठळक, वय व अन्य लक्षणे प्रतिकूल, त्याला छेदचित्रणानंतर नळीची तपासणी बहुधा लागणारच. त्याच्याबाबतीत ‘आधी बिनत्रासाची करून पाहू’ म्हणणे म्हणजे दोनदा प्रवास, दोनदा खर्च व दोनदा रंजकद्रव्य. आणि झटका चालू असताना तर तुलनेचाच प्रश्न उद्भवत नाही. तेथे कार्डिओग्राम तत्काळ काढणे व रोहिणी शक्य तितक्या लवकर उघडणे, औषधाने किंवा नळीने, एवढेच कर्तव्य उरते. दुसरी मर्यादा, हे रोगी मुख्यत्वे युरोप-अमेरिकेतील आहेत. दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका येण्याचे मध्यक वय ५३ वर्षे, तर अन्य देशांत ५८.८, असे इंटरहार्ट ह्या बहुराष्ट्रीय अभ्यासातून दिसून आले आहे. स्कॉटलंडची संख्या कर्जतेस जशीच्या तशी लावता येणार नाही. तथापि तिच्यातून निघणारी विचाराची दिशा लावता येते : प्रथम संभाव्यता ठरवावी, मग प्रश्न ठरवावा, मग तपासणी.

६

संभाव्यता ठरते कशावरून? वय, लिंग, मधुमेह, तंबाखू ह्यांच्या जोडीला ती ठरते रोग्याच्या बोलण्यावरून. आणि येथे वैद्यक पुन्हा आपल्या शास्त्राच्या अंगणात येते. १९७९ साली डायमंड व फॉरेस्टर ह्यांनी जी रीत रूढ केली तिचा पाया छातीच्या तक्रारीची तीन लक्षणे हा आहे : तक्रार छातीच्या मध्यभागी आहे काय, श्रमाने ती उद्भवते काय, आणि विसाव्याने काही मिनिटांत ओसरते काय. तिन्ही असल्यास तक्रार ठळक. ही तीनही लक्षणे कोणतेही यंत्र सांगत नाही, रोगी सांगतो.

विल्यम हेबर्डन ह्या इंग्रज वैद्याने अठराव्या शतकात ह्या विकाराला नाव दिले, त्यातील ‘अँजायना’ ह्या लॅटिन शब्दाचा संबंध आवळण्याशी, गुदमरण्याशी आहे. आपण त्याला आयुर्वेदाच्या परंपरेतील ‘हृच्छूल’ हा शब्द लावला. शूल म्हणजे टोचणारी, भोसकणारी वेदना. म्हणजे मूळ शब्द सांगतो दाब, आणि आपला शब्द सांगतो टोचणे. वैद्यकाच्या दृष्टीने टोचणारी, बोटाने दाखविता येणारी वेदना ही तर ह्या विकाराच्या विरुद्ध बाजूची खूण होय. रोग्याला ‘छातीत दुखते का?’ असे विचारले तर तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. कारण त्याला दुखत नसते. त्याची छाती भरून येते, छातीवर दडपण येते, आवळल्यासारखे होते, दम कोंडतो, किंवा तो ‘गॅस धरला’ म्हणून सोडून देतो. प्रश्नातील क्रियापद चुकले की संभाव्यता चुकते, आणि संभाव्यता चुकली की पुढील साऱ्या तपासण्यांचा क्रम चुकतो.

कर्जत-खालापूरच्या भूगोलाने ह्या बाबतीत एक सोय करून ठेवली आहे. पट्ट्यावर चालवून करावयाच्या श्रमचाचणीत ब्रूस ह्यांच्या १९६३ च्या पद्धतीने आरंभी १० टक्के चढ असतो व दर तीन मिनिटांनी तो वाढवीत नेतात. डोंगरउतारावरील ठाकूर वा कातकरी वाडीतील माणूस, किंवा खाजगी मोटारींना बंदी असलेल्या माथेरानात ओझे वाहणारा श्रमिक, ह्याहून कठीण चढ रोज चढतो. ‘चढणीला कुठे थांबावे लागते? पूर्वी तेथे थांबत होता का? थांबल्यावर किती वेळात बरे वाटते?’ ह्या तीन साध्या मराठी प्रश्नांत उपरोक्त तीन लक्षणांपैकी दोन सामावतात, आणि ‘दुखणे’ हे क्रियापद एकदाही वापरावे लागत नाही. जे थांबण्याचे ठिकाण दर महिन्याला खाली सरकत आहे, ते कोणत्याही छायेइतकेच बोलके असते.

ह्याच संदर्भात आणखी एका भ्रमाचा निर्देश केला पाहिजे. ‘टू-डी इको नॉर्मल आहे, म्हणजे हृदयाच्या नसा मोकळ्या आहेत,’ असे अनुमान सर्रास केले जाते. इको हृदयाचे कप्पे, झडपा व स्नायूची हालचाल दाखविते. हृद्‌रोहिणींतील किटण दाखवीत नाही. ‘हृदयाचा फोटो’ ह्या एकाच शब्दप्रयोगाखाली इको, छेदचित्र व नळीची छाया ही तिन्ही आल्याने हा भ्रम पोसला जातो.

७

ह्यावर असा आक्षेप येईल, की गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात वैद्याला शब्दांचा कीस काढावयास वेळ नसतो, आणि रोगी शेवटी वैद्यावरच विसंबतो. मग नावाने काय बिघडते? आक्षेपातील वस्तुस्थिती मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. वेळ थोडा असतो म्हणूनच शब्दाचा भार वाढतो. दोन मिनिटांत जो एकच शब्द घरी नेता येतो, त्यावर पुढे चार माणसे चर्चा करतात, पैशांची जुळवाजुळव करतात, आणि जावयाचे की नाही हे ठरवितात. तो शब्द ‘अँजिओ’ असेल तर चर्चा अंधारात होते. दुसरा आक्षेप असा, की शुद्ध मराठी प्रतिशब्द घडवून हे सारे साधेल. आम्हांस तसे वाटत नाही. ‘आक्रमक’ व ‘हृच्छूल’ हे दोन्ही शब्द संस्कृत घडणीचे आहेत आणि दोन्ही दिशाभूल करणारे आहेत; उलट ‘अँजिओग्राफी’ हा परका शब्द पूर्ण उच्चारला तर निर्दोष आहे. शब्द कोठून आला ह्यापेक्षा तो कोणता भेद राखतो, ही कसोटी अधिक ग्राह्य होय.

ह्या कसोटीने काही सूचना कराव्याशा वाटतात. ‘आक्रमक–अनाक्रमक’ ही जोडी रोग्यासाठीच्या मराठीतून काढून टाकावी व प्रत्येक तपासणीला तिच्या स्वतःच्या लक्षणाने ओळखावे : ‘नळीची अँजिओग्राफी’ आणि ‘सी. टी. अँजिओग्राफी’. ‘अँजिओ’ हे तुटके रूप बोलीतून कोणी हद्दपार करू शकणार नाही. पण संमतिपत्रात व चिठ्ठीवर ते लिहिले जाऊ नये, आणि उपचार अभिप्रेत असल्यास ‘स्टेंट बसविणे’ असे क्रियापदासह लिहावे. टक्केवारीला षष्ठी जोडावी : ‘व्यासाच्या ७० टक्के’. आणि तपासणीचे नाव सांगताना ती कोणता प्रश्न विचारते हे एका वाक्याने सांगावे. ‘नसांच्या भिंतीत रोग आहे का, हे पाहावयाचे आहे’ हे एक वाक्य. ‘रोग आहे हे जवळजवळ निश्चित आहे, तो कोठे व किती हे पाहून लागल्यास तेथेच उपाय करावयाचा आहे’ हे दुसरे. ह्या दोन वाक्यांत दोन्ही तपासण्यांचे अधिकारक्षेत्र आले.

आपल्या विभागाच्या दृष्टीने एक काम ह्यातून उघडपणे पुढे येते. कर्जत व खालापूर ह्या तालुक्यांत आगरी, ठाकरी, कातकरी आणि कारखान्यांच्या निमित्ताने घाटावरून आलेल्यांची मराठी अशा अनेक बोली शेजारी शेजारी नांदतात. छातीच्या, श्वासाच्या व थकव्याच्या अनुभवासाठी ह्या बोलींत कोणती नामे व कोणती क्रियापदे आहेत, त्यांतील कोणती श्रमाशी जोडलेली आहेत व कोणती जेवणाशी, ह्याचा पद्धतशीर संग्रह पदव्युत्तर विद्यार्थ्यांस करता येण्याजोगा आहे. तसा संग्रह कर्जतच्या रुग्णालयातील वैद्याच्या टेबलावर पोचला, तर कोणाला पनवेलीस पाठवावयाचे, कशासाठी पाठवावयाचे, आणि कोणाला आजच्या आज पाठवावयाचे, हे ठरविण्यास त्याचा उपयोग होईल.